वर्गणी बंद करून इंकस्केपवर यायचं? आधी तुमची फाइल कुठे जाते ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावात डिझाइनचं दुकान आहे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, फ्लेक्स, शाळांची आयकार्ड आणि अधूनमधून एखादा लोगो, असं काम. अडोबीच्या इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची वर्गणी हंगाम असो-नसो खात्यातून जातेच. आजूबाजूचे क्रॅक केलेलं कोरल वापरतात, ते करायचं नाही. मग इंकस्केप किंवा अ‍ॅफिनिटीवर धंदा चालेल का?

चालतो. माझ्या टेबलावर चालतो आहे. पण या विषयावरच्या बहुतेक तुलना पेन टूल, ब्रश आणि इफेक्ट यांच्याच होतात, आणि आपल्या धंद्यात अडतं ते तिथे नाहीच. आकार काढणं, नोड हलवणं, दोन आकार जोडणं किंवा कापणं हे सगळ्यांनाच येतं. अडतं दोन ठिकाणी. एक, पडद्यावर मराठी अक्षर नीट जुळतं का. दोन, फाइल प्रेसला गेल्यावर शाई बरोबर पडते का. या दोन चाळण्यांतून जे निघेल ते आपलं सॉफ्टवेअर, बाकीची यादी नंतर बघू.

आधी पार्श्वभूमी, दोन ओळींत. अडोबीने २०१३ मध्ये सगळं क्रिएटिव्ह क्लाउडच्या वर्गणीवर नेऊन एकरकमी विक्री थांबवायचं ठरवलं. २०१२ चं सीएस६ हे डबा विकत घेऊन कायम वापरता येणारं शेवटचं इलस्ट्रेटर. कोरलड्रॉ वर्गणीसोबत एकरकमीही विकलं जातं. पैसे एकदम मोजावे लागतात, पण तुमचं सगळं जुनं भांडार सीडीआरमध्येच, म्हणजे कोरलच्या फाइलींतच, असेल तर हा मार्गही हिशेबात धरा. फुकटच हवं असा हट्ट धरण्यात अर्थ नाही, महिन्याचं ओझं उतरवायचं हा मुद्दा आहे. क्रॅकबद्दल एवढंच सांगतो की कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. "सगळेच वापरतात" हे त्यावरचं उत्तर होत नाही.

आता अ‍ॅफिनिटी, कारण बहुतेकांचा पहिला ओढा तिकडेच असतो. ब्रिटनमधल्या सेरिफ कंपनीचं हे सॉफ्टवेअर २०१४ मध्ये मॅकवर आलं, २०१६ मध्ये विंडोजवर. मार्च २०२४ मध्ये कॅन्व्हाने ती कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून व्हेक्टर (रेघा-आकारांचं चित्र), फोटो आणि पानांची मांडणी असं तिन्ही एकत्र करून ते फुकट दिलं. एआयची (कृत्रिम बुद्धिमत्तेची) अवजारं हवी असतील तर मात्र कॅन्व्हाची वर्गणी लागते. छपाईच्या दृष्टीने सॉफ्टवेअर पक्कं आहे. सीएमवायके (छपाईच्या चार शायांची) फाइल, स्पॉट कलर (वेगळ्या प्लेटची खास शाई), ब्लीड (कापण्यासाठी सोडलेली जादा कडा), पीडीएफ-एक्स (प्रेससाठीची पीडीएफ) हे सगळं आतच आहे आणि साध्या मशीनवरही ते चपळ चालतं. फक्त इंग्रजीत काम करणाऱ्या डिझायनरने पुढचं काही न वाचता ते उतरवून घ्यावं.

मराठीचं गणित वेगळं आहे. अ‍ॅफिनिटीच्या पहिल्या दोन्ही आवृत्त्यांना देवनागरीची जुळणीच येत नव्हती. ऱ्हस्व वेलांटी टाइप केल्याच्या क्रमाने अक्षराच्या नंतर बसायची, म्हणजे "शिवाजी" लिहिलं की पडद्यावर वेलांटी "व"च्या डोक्यावर. "कार्यक्रम"मधला रफार वर चढायचाच नाही, पाय मोडलेला "र" तसाच उभा. म्हणून नवी आवृत्ती घेतलीत तर रंग आणि इफेक्ट बघायच्या आधी एक ओळ टाइप करा: शिर्डी, विद्यार्थ्यांचा, कुऱ्हाडे, दऱ्याखोऱ्या, चॅम्पियन, हृदय, श्रीकृष्ण. यात "कुऱ्हाडे"वर खास नजर ठेवा. तो अर्धा "ऱ" मराठीचा खास आहे आणि हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या कित्येक फॉन्टांत आणि सॉफ्टवेअरांत तो पाय मोडून पडतो. ही ओळ धड आली तरच पुढे जा. ही चाचणी फक्त अ‍ॅफिनिटीची नाही. ब्राउझरमध्ये चालणारं असो की मोबाइलवरचं, कुठलंही डिझाइन अ‍ॅप घ्यायच्या आधी हीच ओळ टाका.

यावर एक पळवाट सगळीकडे सांगितली जाते. मजकूर दुसरीकडे टाइप करायचा, त्याचे कर्व्ह (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार) करायचे आणि मग अ‍ॅफिनिटीत आणायचे. लोगोला किंवा एका मोठ्या शीर्षकाला हे ठीक आहे. पत्रिकेला नाही. रात्री नऊ वाजता फोन येतो, "निमंत्रकांत थोरल्या काकांचं नाव राहिलं, आणि मुहूर्त १२.३७ नाही, १२.४७." कर्व्ह केलेल्या मजकुरात एक आकडा बदलायला पुन्हा मूळ फाइल, पुन्हा कर्व्ह, पुन्हा मांडणी. लग्नसराईत हे रोजचं आहे.

इंकस्केप इथे जिंकतं. २००३ मध्ये सोडिपोडी नावाच्या प्रकल्पातून फुटून निघालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर, १.० आवृत्ती मे २०२० मध्ये आली. अक्षरजुळणीसाठी ते पँगो आणि हार्फबझ वापरतं, आणि युनिकोड देवनागरी त्यात नीट बसते. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या, "ऱ्ह" सगळं. विंडोजचा मराठी कीबोर्ड लावा, थेट कॅनव्हासवर टाइप करा. फॉन्टांची चणचण आता राहिलेली नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे 'मुक्ता' आणि 'बलू', शिवाय 'टिरो देवनागरी मराठी', हे सगळे फॉन्ट व्यावसायिक कामालाही विनामूल्य आहेत. टिरोचा मराठी संच मुद्दाम घ्या. त्यात "ल" आणि "श" मराठी वळणाचे येतात. गावातल्या आजोबांना पत्रिकेतला हिंदी वळणाचा "श" लगेच खटकतो, नक्की काय खटकलं ते त्यांना सांगता आलं नाही तरी.

कोरलवाल्यांचा हात आधी अडखळतो, पण त्यावर सोपा उपाय आहे. प्रेफरन्समध्ये कीबोर्डच्या पानावर कोरल एक्स४ किंवा इलस्ट्रेटरच्या शॉर्टकटचा तयार संच निवडता येतो. पॉवरक्लिप म्हणजे इथलं क्लिप, फक्त ज्या आकारात बसवायचं तो आकार सगळ्यात वर ठेवायचा. वेल्ड म्हणजे युनियन, ट्रिम म्हणजे डिफरन्स. कन्व्हर्ट टू कर्व्हला इथे ऑब्जेक्ट टू पाथ म्हणतात. एका फाइलमध्ये अनेक पानं १.२ पासून करता येतात, म्हणजे पत्रिकेच्या आतल्या-बाहेरच्या बाजूंसाठी वेगळ्या फाइली नकोत. तक्रार एकच आणि ती खरी आहे. ब्लर, सावल्या आणि मोठे फोटो भरले की इंकस्केप जड होतं. ज्या मशीनवर जुनं कोरल पळतं त्यावर हे रांगतं. रॅम वाढवा आणि काम करताना आउटलाइन व्ह्यूची सवय लावा.

आता दुसरी चाळणी, शाई. इथे इंकस्केप कच्चं आहे आणि हे लपवण्यात अर्थ नाही. ते आतून आरजीबीमध्ये, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, चालतं आणि त्यातून निघणारी पीडीएफही आरजीबीच असते. काय होतं ते एका व्हिजिटिंग कार्डावर बघा. तुम्ही आठ पॉइंटात पत्ता लिहिला, रंग काळा. पडद्यावर काळाच आहे. प्रेसवाल्याने फाइल सीएमवायकेमध्ये बदलली की आरजीबीचा तो काळा चार शायांचा होतो. फोटोशॉपच्या नेहमीच्या अमेरिकन प्रोफाइलने सयान ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७ आणि काळा ९० टक्के, म्हणजे एकूण तीनशे टक्के शाई, तीही मुंगीएवढ्या अक्षरांवर. चारपैकी एक प्लेट केसभर सरकली की प्रत्येक मात्रेला गुलाबी-निळी किनार येते, अनुस्वार भरून जातात आणि "मंगल"चं "मगल" वाचलं जातं. इंग्रजीत हे थोडं खपून जातं. देवनागरीत शिरोरेघेच्या वर इतकी बारीक कलाकुसर असते की नाही खपत. आणि पार्टी प्रेसवाल्याकडे जात नाही, तुमच्याकडे येते.

उपाय आहे, त्याचं नाव स्क्रायबस. हेही मुक्त, पानांच्या मांडणीचं सॉफ्टवेअर, स्थिर १.६ आवृत्ती जानेवारी २०२४ ची. सीएमवायके, स्पॉट कलर आणि पीडीएफ-एक्स त्याला येतं. १.५ च्या मालिकेपासून देवनागरी जुळणीही येते, त्यामुळे जुन्या अनुभवावरून "स्क्रायबसमध्ये मराठी तुटतं" म्हणणाऱ्यांनी पुन्हा उघडून बघावं. माझी वाट अशी असते. सजावट, गणपती, तोरण, लोगो हे इंकस्केपमध्ये. त्यात शीर्षकाची अक्षरं असतील तर मूळ फाइल जपून ठेवून दुसऱ्या प्रतीत त्यांचे पाथ करायचे, साधं एसव्हीजी (इंकस्केपची व्हेक्टर फाइल) म्हणून सेव्ह करायचं आणि स्क्रायबसमध्ये आयात करायचं. बदलणारा सगळा मजकूर, म्हणजे नावं, पत्ते, मुहूर्त, थेट स्क्रायबसमध्ये टाइप करायचा आणि त्याचा रंग निव्वळ काळा, के १००. काकांचं नाव रात्री नऊला आलं तरी काम दोन मिनिटांचं.

आयात केलेल्या चित्रातला काळा मात्र आरजीबीच राहतो, तो हाताने बदलावा लागतो. एडिट मेनूतली रंगांची यादी उघडली की एसव्हीजीतून आलेले रंग 'FromSVG'ने सुरू होणाऱ्या नावांनी वेगळे दिसतात. त्यातला काळा निवडा, मॉडेल सीएमवायके करा, तिन्ही रंग शून्य आणि काळा शंभर. एका बदलात चित्रातला सगळा काळा सुधारतो. बाकीचे रंगही इथेच छापील शेड कार्ड समोर ठेवून बसवा. पडद्यावरचा पोपटी आणि झगझगीत भगवा सीएमवायकेमध्ये मळतोच, मग तो मळायचा किती हे आपण ठरवलेलं बरं. पीडीएफ-एक्सचा पर्याय निर्यातीच्या खिडकीत दिसत नसेल तर फाइलच्या सेटअपमध्ये कलर मॅनेजमेंट चालू केलेलं नाही एवढंच समजा. बहुतेक जण इथेच अडकतात आणि स्क्रायबसला नावं ठेवतात. सोनेरी फॉइल किंवा स्पॉट यूव्ही असेल तर त्या नावाचा एक स्पॉट कलर करा आणि फॉइलचे आकार त्या रंगात भरा, म्हणजे प्रेसला वेगळी प्लेट आपोआप मिळते.

दोन सॉफ्टवेअर म्हणजे दुप्पट कटकट वाटेल. पण इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन अशी जोडी मोठ्या स्टुडिओत कायम होतीच. आपण सगळं एकाच कोरलमध्ये कोंबत आलो म्हणून जड वाटतं.

आणि तुमच्या कामाचा मोठा भाग असा आहे की त्याला सीएमवायके लागतच नाही. स्क्रीन प्रिंटिंगच्या पत्रिकांना ट्रेसिंग पेपरवर प्रत्येक रंगाची काळी पॉझिटिव्ह लागते. तिथे इंकस्केप एकटं पुरतं. प्रत्येक रंगाचा वेगळा लेयर, सगळा मजकूर शंभर टक्के काळा, आणि एक्स्टेन्शनमधून प्रिंटिंग मार्क लावले की रजिस्ट्रेशनच्या खुणा तयार. रेडियम कटिंगला तर व्हेक्टर रेघाच हव्यात. कटिंग यंत्राला लागणाऱ्या डीएक्सएफ आणि एचपीजीएल दोन्ही फाइली निघतात. एक खबरदारी घ्या. ०.९२ च्या आधीच्या इंकस्केपमध्ये इंचाला ९० पिक्सेल धरायचे, नंतर ९६ झाले. कुणाची जुनी फाइल आली तर कापायच्या आधी माप तपासा, नाहीतर नंबरप्लेटची अक्षरं किंचित लहान निघतात आणि कारण सापडत नाही. गणवेशावरचे बिल्ले भरणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याला इंक-स्टिच दाखवा. इंकस्केपच्या चित्रावरून भरतकाम यंत्राची फाइल ते करतं.

फ्लेक्सबाबत माझं मत थोडं वेगळं आहे. वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स इंचाला ७२ पिक्सेलने काढला तर १७,२८० बाय ८,६४० पिक्सेल होतात, जवळजवळ पंधरा कोटी पिक्सेल. वर पंचवीस चेहरे, प्रत्येकाला सावली आणि चमक. हे व्हेक्टरचं काम नाहीच आणि इंकस्केपवर ते लादू नका. चेहऱ्यांची जुळवणी क्रिटा किंवा गिंप या चित्र-फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये करा, क्रिटात तर सीएमवायकेही आहे. इंकस्केपमधून फक्त अक्षरं आणि पक्ष-मंडळाची चिन्हं आणा. फ्लेक्सवाला टिफ मागतो, ती तिथूनच द्या. अक्षरांना तिहेरी किनार हवी असेल तर तेवढं मात्र इंकस्केपमध्ये ऑफसेट पाथने फार सुरेख होतं.

आयकार्डांना कोरलचं प्रिंट मर्ज, म्हणजे यादीतून नावं आपोआप भरणं, आठवेल. इंकस्केपसाठी नेक्स्टजनरेटर नावाचं एक्स्टेन्शन आहे. कार्डाच्या नमुन्यात नाव, वर्ग, रक्तगट यांच्या जागी खुणा टाकायच्या आणि सीएसव्ही यादी जोडायची, मग प्रत्येक विद्यार्थ्याची वेगळी फाइल निघते. फोटोच्या फाइलचं नावही यादीतून घेता येतं. शाळेकडून आलेली एक्सेल मात्र "सीएसव्ही यूटीएफ-८" म्हणूनच सेव्ह करा. साधी सीएसव्ही केली तर सगळ्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं छापली जातील.

जुन्या भांडाराचा प्रश्न प्रश्नकर्त्याने विचारला नाही, पण खरी डोकेदुखी तीच आहे. इंकस्केप सीडीआर उघडतं. आकार बहुतेक नीट येतात, पॉवरक्लिप कधी फिसकटतं. मराठी मजकुराची मात्र खात्री धरू नका. वर्षानुवर्षं आपण श्रीलिपी, आयएसएम, आकृती यांच्या जुन्या फॉन्टांत काम केलं. ते युनिकोड नव्हते, आत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले होते. फॉन्ट नसलेल्या मशीनवर त्या पत्रिकेचं कडबोळं दिसतं. तेव्हा जिथे जुनं सॉफ्टवेअर आणि जुना फॉन्ट दोन्ही अजून जिवंत आहेत त्याच मशीनवर नेहमी लागणाऱ्या फाइली उघडा, कर्व्ह करा, पीडीएफ आणि एसव्हीजी काढून ठेवा. गणपती, कलश, वरवधू यांची क्लिपार्टही त्यातच आली. सगळं भांडार बदलायच्या फंदात पडू नका. जी फाइल गेल्या दोन हंगामांत उघडली नाही ती पुढच्या दोनांतही उघडणार नाही.

इलस्ट्रेटरच्या एआय फाइलचं थोडं वेगळं आहे. सेव्ह करताना पीडीएफ कंपॅटिबलची खूण असेल तर आत एक पीडीएफ दडलेली असते, आणि इंकस्केप काय किंवा अ‍ॅफिनिटी काय, वाचतात ती तीच. चित्र दिसतं, पण लेयरची नावं, जिवंत इफेक्ट, मेश हे हरवतं. म्हणून ज्यांचं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईची एजन्सी आहे आणि ती उघडी, लेयरसकट एआय फाइल मागते, त्यांनी वर्गणी सोडू नये. तो खर्च बिलात लावावा. पॅकेजिंगमध्ये मुरलेल्यांनाही मी हेच सांगेन. मात्र वर्गणीत सगळं कायम मिळतं असंही समजू नका. २०२२ च्या अखेरीस अडोबीच्या सॉफ्टवेअरांतली पँटोनची (ठरावीक छपाईरंगांची) बरीच रंगपुस्तकं गेली, आणि वेगळा परवाना न घेतलेल्या लोकांना जुन्या फोटोशॉप फाइलींत ते रंग काळे दिसू लागले होते.

बदल कधी करायचा? तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका सुरू होतात, गणपतीत फ्लेक्सची झुंबड. पितृपक्ष मोकळा असतो, तेव्हा बसा. नवं काम काढू नका. एखादी छापून झालेली पत्रिका आणि एक कार्ड नव्या वाटेने पुन्हा करा, नेहमीच्या प्रेसला पीडीएफ पाठवा आणि प्लेटवर जाण्याआधी सेपरेशन बघून सांगायला सांगा. काळ्याच्या प्लेटवर अक्षर आहे आणि बाकी तीन प्लेटांवर त्या जागी काही नाही, हे दिसलं की निम्मी लढाई झाली. प्रेसवाला "मला कोरलचीच फाइल दे" म्हणाला तर त्याला कर्व्ह केलेली पीडीएफ द्या. तो ती कोरलमध्येच उघडणार आहे, उघडू दे.

आणि वर्गणी बंद करताना तारीख बघा. अडोबीची "वार्षिक, दरमहा बिल" योजना मुदतीआधी मोडली तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या निम्मं शुल्क लागतं. हे शुल्क ग्राहकांपासून झाकून ठेवल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या (ग्राहकहित बघणारी सरकारी संस्था) सांगण्यावरून तिथल्या न्याय खात्याने जून २०२४ मध्ये कंपनीवर दावा लावला होता. तेव्हा आपली योजना कुठली आणि नूतनीकरण कधी, ते खात्यात आजच पाहा आणि त्या तारखेच्या आधी मोबाइलवर आठवण लावा. तोवर सगळ्या चालू एआय फाइली पीडीएफ कंपॅटिबल खुणेसह पुन्हा सेव्ह करा आणि शेजारी कर्व्ह केलेली पीडीएफ ठेवा. अडोबी फॉन्टमधून घेतलेले फॉन्ट वर्गणीबरोबरच जातात. ज्या लोगोंत ते वापरलेत त्यांची अक्षरं त्याआधी पाथ करून घ्या, आणि गिऱ्हाइकाच्या फोल्डरमध्ये कुठला फॉन्ट होता त्याचं नाव लिहून ठेवा.